कडीच्या डब्यात साखर

लोकांना वाटतं, मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखते. हे सगळे टीव्हीने करून ठेवलेले उपद्व्याप आहेत. प्रत्यक्षात अंबरनाथ स्टेशनबाहेरचा माझा भाजीवाला मला रोज कालची कोथिंबीर आजची म्हणून देतो आणि मी ती निमूट पिशवीत टाकून घरी येते. खोटं बोलणारा नजर चुकवतो, घाम पुसतो, पाय हलवतो, हे थोतांड आहे. पोलिसांसमोर बसलेला प्रामाणिक माणूसही अगदी तेच करतो. मी गुन्ह्यांच्या तपासात मानसशास्त्राचं काम करते, म्हणजे बहुतेक वेळ लोकांच्या घरी जाऊन बसते आणि त्यांना जुनं आठवायला मदत करते. यात चमत्कार काहीच नाही, बूड टेकून बसण्याची तयारी मात्र लागते.

खायचीही लागते. आमच्या धंद्यातले बरेच जण साक्षीदाराच्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांनी खुशाल तत्त्वं पाळावीत. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात समोर आलेलं ताट तुम्ही सरकवलंत, की त्या घरातलं तोंड तुमच्यापुरतं बंद झालं. म्हणून मी खाते, आणि मागून घेऊन खाते. इतकी वर्षं त्याने माझं काही बिघडलं नव्हतं.

प्रकरण होतं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बराकीतल्या खोलीत एका तरुण बाईचा गळा दाबून खून झाला होता. दिवस नारळी पौर्णिमेचा, वेळ दुपारची. गल्लीतल्या जीन्स शिवण्याच्या कारखान्यात ती कामाला जायची. पोलिसांनी तिथल्याच एका कारागिराला उचललं. तो कित्येक महिने आत होता, मग पुराव्याअभावी सुटला आणि गाव सोडून गेला. गल्लीने मात्र त्याला सोडलं नाही. मी तिथे चौकशीला गेले तेव्हाही लोक शिवणयंत्रांच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते, "मॅडम, वोहीच था. सगळ्यांना माहितीये."

मेलेल्या बाईला सहा वर्षांची मुलगी होती. ती आता स्वतः आई झाली आहे. तिची लेक सहा वर्षांची झाली, त्याच महिन्यात घरच्यांना न सांगता ती पोलिसांकडे अर्ज देऊन आली. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांवर काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याने फाइल उघडली आणि मला बोलावलं. पहिल्या भेटीत ती मला म्हणाली, "त्याला फाशी व्हावी असं काही नाही मॅडम. कोण होता तेवढं कळू दे. मला माझ्या मुलीला एकटं टाकून दुकानापर्यंतसुद्धा जाता येत नाही." तिला हवं होतं ते एवढंच. मी तिला कबूल केलं, की माझ्या हातून होईल तेवढं करीन.

खुनानंतर तिचे वडील तिला घेऊन बदलापूर गावात आपल्या बहिणीकडे राहायला गेले. बहीण विधवा, मूलबाळ नाही. तिनेच हिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, लग्न लावून दिलं, बाळंतपण केलं. मुलीचा नवरा दूर नोकरीला, म्हणून लग्नानंतरही मुलगी बहुतेक तिथेच असायची. तिला माणसं अशी दोनच होती, वडील आणि आत्या. सगळी आळी त्या बाईंना आत्या म्हणायची. दुसऱ्या भेटीपासून मीही म्हणू लागले.

आत्या जुन्या आगरी घरातल्या. कधीकाळी भातशेती होती, तिथे आता इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला आधी जेवायला घातलं आणि मग कोण, कुठली, ते विचारलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. चहा इतका गोड, की चमचा उभा राहावा. मी एकटी राहते हे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"एकटीसाठी कोण रांधतंय गो बाय! हा डबा ने. वालाचं बिरडं हाय."

स्टीलचा कडीचा डबा. झाकण दाबून बसवायचं आणि कडीला धरून उचलायचा. मग तो डबा आमच्यात येजा करायला लागला. मी धुऊन परत नेताना त्यात काहीतरी घालायचे. कधी कल्याणची बर्फी, कधी पेरू, आणि काहीच नसलं घरात तर मूठभर साखर. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हे मला कुणी शिकवल्याचंही आठवत नाही, हातच तसा वळतो.

भाऊ म्हणजे मुलीचे वडील, अबोल माणूस. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी गेले की ते गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मेथी नाहीतर चवळी निवडत बसलेले असायचे. पानं एका बाजूला, देठ एका बाजूला, एक पिवळं पान मध्ये सापडायचं नाही. माझ्याशी बोलताना उठून उभे राहायचे. मला ते आवडायचे, हे लिहून टाकते.

त्या दिवसाबद्दल दोघांची हकिकत एकच होती आणि ती खरी वाटण्यासारखीच होती. राखीचा दिवस. भाऊ सकाळी बहिणीकडे बदलापूरला आला. येताना बायकोने केलेला नारळीभात घेऊन आला. बहिणीने राखी बांधली, तो जेवला, दुपारी तिथेच झोपला. संध्याकाळी शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला आणि दोघं तशीच धावत सुटली.

"चपलासुद्धा घातल्या नाय आम्ही," आत्या म्हणाल्या. "हातात काय घेतलं नाय. दार उघडं टाकून पळालो."

त्या काळच्या पोलिसांनी यात फारशी खोदाखोद केली नव्हती. राखीच्या दिवशी भाऊ बहिणीकडे असतो, यात विचारायचं काय? त्यांनाही घरी बहिणी होत्याच.

वहिनीचा विषय निघाला की आत्या हातातलं काम खाली ठेवायच्या. "गुणाची होती. तो नारळीभात काय केलता! गरम होता अजून. तिच्या रुखवतातल्या डब्यातून पाठवलेला, तिचं माहेरचं नाव घातलेलं त्याच्यावर. तसा भात परत खाल्ला नाय मी." मी ते लिहून घेतलं. परतल्यावर अधिकाऱ्यांना सांगितलं, की बहीण मनापासून बोलते, तिच्याकडून आणखी काही मिळेल. मनापासून बोलते! हे माझेच शब्द.

मुलीशी मी बोलले ते माझ्या अंबरनाथच्या घरी, कारण तिला आत्यांसमोर रडायचं नव्हतं. लहानपणचं आठवायला लावताना मी घटनेपासून सुरुवात करत नाही. वासापासून करते. ती म्हणाली, नारळाचा, गुळाचा, आणि बाहेरून येणारा मशीनच्या तेलाचा. मग हळूहळू दिवस उलगडला. शाळेला सुट्टी होती. सकाळी आईने भात केला, डब्यात भरला, बाबा डबा घेऊन गेले. ही शेजारच्या सिंधी आंटीकडे खेळायला गेली, तिथेच जेवली, तिथेच थोडी लवंडली. दुपार कलल्यावर आंटी म्हणाली, "जा बेटा, मम्मीला तोंड दाखवून ये." ही घरी आली. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हिला वाटलं, झोपली आहे.

इथे ती थांबली. मीही थांबले. अशा वेळी आपण तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात.

"मी तिला उठवलं नाही," ती म्हणाली. "मला भूक लागली होती. ओट्यावर कडीचा डबा होता, मला वाटलं त्यात नारळीभात असेल. मी स्टूल घेऊन उघडला. साखर होती. मी मुठीने खाल्ली मॅडम. आई तिकडे मरून पडलेली आणि मी इकडे साखर खात बसले. सगळी संपवली."

ती तेव्हापासून चहात साखर घेत नाही. मी समजत होते, हल्ली सगळे घेत नाहीत तशी ही घेत नसेल. मी तिचा हात धरला. सहा वर्षांच्या मुलीला भूक लागते, त्यात पाप नाही, झोपलेल्या आईला न उठवणारं मूल शहाणंच म्हणायचं, असं बरंच काही बोलले. ती बरीच रडली आणि जाताना म्हणाली, की हे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आत्यालाही नाही. मला वाटलं, काम झालं, निदान एवढं ओझं तरी उतरलं.

त्या रविवारी सकाळी मी आत्यांचा डबा परत न्यायला काढला. घरात बर्फी नाही, फळ नाही. डबा पुसला, साखरेची बरणी उघडली, मूठ भरली आणि डब्यात सोडली. झाकण लावायला गेले आणि हात तिथेच राहिला.

कडीच्या डब्यात साखर कोण ठेवतं? साखर बरणीत असते, पत्र्याच्या डब्यात असते. कडीच्या डब्यात साखर असते ती एकाच वेळी: दुसऱ्याचं भांडं परत करताना. कॅम्प चारमधल्या त्या ओट्यावर दुपारी साखर घातलेला डबा होता, म्हणजे तो डबा कुठून तरी परत आलेला होता.

मी मुलीला फोन केला. एवढंच विचारलं, की घरात कडीचे डबे किती होते. "एकच," ती म्हणाली. "आईच्या नावाचा. त्यावरची अक्षरं बोटाने गिरवत मी वाचायला शिकले. का हो?" मी म्हटलं, सहज. आणि फोन ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले.

डबा सकाळी नारळीभात घेऊन बदलापूरला गेला होता, हे आत्यांनीच सांगितलेलं. दुपारी तो उल्हासनगरला ओट्यावर होता. तो नेणारा एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी बदलापूरला झोपला होता म्हणे. आणि साखर? साखर डबा नेणाऱ्याने घातलेली नव्हती. आमच्याकडच्या पुरुषांना आजही ते सुचत नाही. ती घालणाऱ्या बाईने भाऊ दुपारी घरातून बाहेर पडताना पाहिला होता. स्वतःच्या हाताने त्याच्या हातात डबा दिला होता. आणि त्या संध्याकाळपासून आजपर्यंत ती म्हणत होती, की तो झोपला होता.

मला आधी काय वाटलं असेल? मुलीची कीव? नाही. मला राग आला, आणि तो माझ्यापुरता राग होता. मी त्या बाईचं बिरडं बोटं चाटून खाल्लं होतं. ती मला गो बाय म्हणायची, आणि मला कुणी तसं म्हणून खूप वर्षं झाली होती. मला फसवलं, भाकरी वाढता वाढता फसवलं, असं मी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं. आणि त्याहून वाईट हे, की ते प्रेम खोटं होतं असंही मला म्हणता येत नव्हतं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सहा वर्षांच्या मुलीने पंचवीस वर्षांनी आठवलेली साखर कोर्टात टिकणार नाही, बाईच्या तोंडून आलं पाहिजे. आम्ही वार ठरवला तो मुलगी कामावर आणि तिची लेक शाळेत असेल असा. अधिकारी साध्या वेशात, बरोबर एक महिला हवालदार, आणि मी. आत्यांनी सगळ्यांसाठी आधण ठेवलं. भाऊ गॅलरीत मेथी निवडत होते.

मी आत्यांना म्हटलं, तो दिवस आज उलटा सांगा, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. हे आम्ही नेहमी करतो. पाठ केलेली गोष्ट उलटी सांगताना पाय अडखळतो. आत्या अडखळल्या नाहीत. निरोप, त्याआधी झोप, त्याआधी जेवण, त्याआधी राखी. पंचवीस वर्षं ती गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की पुढून काय आणि मागून काय. दार वाजलं, मला वाटलं हवालदार बाई बाहेर गेल्या असतील. मी शेवटचा प्रश्न विचारला, अगदी बायकाबायकांत विचारतात तसा.

"आणि वहिनीचा डबा? तो काय रिकामाच परत पाठवलात?"

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली.

"रिकामा? माझ्या हातून कधी कुणाचं भांडं रिकामं गेलंय? सणाचा दिवस, वहिनीच्या रुखवताचा डबा! घासला, पुसला, साखर घातली नी दिला ना भावाच्या हा..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांचा हात पदराकडे गेला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"ती साखर मी खाल्ली, आत्या."

मुलगी दारात उभी होती. खांद्याला पर्स, पायात चपला. माझ्या त्या फोनने तिला चैन पडलं नव्हतं, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती घरी आली होती. तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. डबा, नारळीभात, साखर, हे सगळं तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

"दुपारी खाल्ली," ती म्हणाली. "म्हणजे बाबा दुपारी घरी आले होते. तुला ठाऊक होतं."

आत्या उठल्या, तिच्याकडे जायला. ती मागे सरकली. मला वाटतं, आत्यांना खरा घाव तिथे बसला.

"आई तुझी गेलेली," आत्या म्हणाल्या. "ती काय परत येनार होती? तो पन गेला असता तर तुला कोण होतं गो? सकाळीच राखी बांधलेली मी. तापट होता तो, तिचं कारखान्यात जानं त्याला खुपायचं, पन असा काय करील असं मना वाटलं नवतं. डबा देऊन लगेच परत आला नी निजला, रात्री पाया पडला माझ्या. मी काय करायचं होतं, सांग."

"मी तुला विचारायचे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "तुझ्या कुशीत झोपून विचारायचे, आईला कोणी मारलं. तू म्हणायचीस, देव शोधून काढेल त्याला. आणि तो शेजारच्या खोलीत झोपलेला असायचा. माझी मुलगी मी त्याच्याकडे ठेवून कामावर जाते, आत्या."

तेव्हा मी गॅलरीकडे पाहिलं. भाऊंनी मान वर केली नव्हती. मेथीची जुडी संपत आली होती. पानं एका बाजूला, देठ एका बाजूला. अधिकारी जवळ जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांनी देठांचा कागद नीट गुंडाळला, पानांची चाळणी बहिणीच्या दिशेने सरकवली आणि उठून उभे राहिले, माझ्यासमोर राहायचे तसेच. चहा तसाच उकळत होता. शेवटी हवालदार बाईंनी गॅस बंद केला.

दोघांना नेलं. पुढे भावाने कबुली दिली, मग वकील मिळाल्यावर फिरवली. खटल्याचं काय होईल ते मला माहीत नाही आणि मुलीलाही मी तेच सांगितलं, कारण तिला आणखी कुणी गोड बोलून फसवावं असं मला वाटत नव्हतं. कॅम्प चारच्या गल्लीत मी एकदा मुद्दाम जाऊन आले. म्हटलं, तो कारागीर नव्हता. एक दुकानदार म्हणाला, "अच्छा? मग पोलिसांनी पकडला कशाला होता?"

मुलीने बदलापूरचं घर बंद करायचं ठरवलं. आवराआवर करताना तिचा फोन आला. "मॅडम, आत्याचा एक डबा तुमच्याकडे आहे ना? भांडी बांधून ठेवतेय, तेवढा न्यायला येते." तो माझ्याकडेच होता. त्या रविवारची साखर मी त्यातून काढून टाकली होती, डबा मात्र उपडा घालून तसाच ठेवला होता. परत कुणाला द्यायचा, हेच मला कळत नव्हतं.

ती आली, पाणी प्यायली, बसली नाही. मी डबा उचलला, फडक्याने पुसला, आणि माझा डावा हात आपला आपण साखरेच्या बरणीकडे गेला. झाकण उघडलंसुद्धा. ती बघत होती.

"नको मॅडम," ती म्हणाली. "रिकामाच द्या."

मी बरणीचं झाकण लावलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं भांडं रिकामं परत केलं.